सूर्यग्रहणाचा फोटो: फिल्म विकतची, फ्रेम घरची

पुलगावहून धामणगावकडे निघालं की वर्धा नदी ओलांडल्यावर तळणी नावाचं एक लहानसं स्टेशन लागतं. २२ जानेवारी १८९८ ला खग्रास सूर्यग्रहणाची पट्टी आपल्या वऱ्हाडावरून गेली, तेव्हा ब्रिटिश अॅस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनच्या मंडळींनी या तळणीला मुक्काम ठोकला होता. खग्रास स्थिती दोन मिनिटांच्या आसपास टिकली. त्या मंडळींमध्ये अॅनी माँडर नावाच्या बाई होत्या. त्यांच्याकडे जेमतेम दीड इंची भिंगाचा छोटा कॅमेरा होता. त्या कॅमेऱ्यातून त्यांनी सूर्याच्या प्रभामंडलातून लाखो मैल दूर गेलेल्या प्रकाशाच्या एका झोताचा फोटो घेतला. एवढा लांब झोत तोवर कुणाच्या फोटोत उमटला नव्हता.

मी याच पट्ट्यातला. लग्नं, साक्षगंध, शाळेची गॅदरिंगं, यांचे फोटो काढणं हा माझा धंदा. तळणीची ही गोष्ट कळली तेव्हा मनात पहिला विचार आला तो असा: दीड इंची भिंगाने ते जमत असेल तर माझ्या ५५-२५० मिमीच्या झूम लेन्सने का नाही जमणार? जमतं. पण एक फरक आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. माँडरबाईंनी तो फोटो घेतला तेव्हा चंद्राने सूर्य पूर्ण झाकलेला होता, आणि त्या वेळेपुरती फिल्टरची गरज नसते. आपल्याकडे येत्या काही वर्षांत जी ग्रहणं दिसायची आहेत ती सगळी खंडग्रास आहेत. खंडग्रासात असा एकही क्षण येत नाही, ज्यात फिल्टर काढता येतो. सूर्याची नखाएवढी कोर उरली असली तरी ती डोळा आणि सेन्सर (कॅमेऱ्यातला चित्र टिपणारा भाग) दोन्ही जाळू शकते.

म्हणून घरी फिल्टर बनवायचा म्हणजे नेमकं काय घरी बनवायचं, हे आधी ठरवून घ्या. प्रकाश अडवणारी फिल्म विकतच आणायची. ती धरणारी फ्रेम घरी करायची. फिल्मच्या जागी घरात सापडेल ते लावू नका. आणि फ्रेम घरची आहे म्हणून ती कशीही चालेल असं समजू नका. फिल्म कितीही चांगली असली तरी वाऱ्याच्या झोताने ती लेन्सवरून निघाली, तर तिचा उपयोग शून्य.

काय लावू नये

गावात ग्रहण म्हटलं की घरोघरी जुने एक्स-रे बाहेर निघतात. एक्स-रेच्या फिल्मवर काळेपणा सगळीकडे सारखा नसतो. हाडाची जागा पांढुरकी, बाजूची काळी. काळ्या भागातून पाहिलं तर सूर्य डोळ्याला सुसह्य वाटतो आणि तिथेच फसगत होते. डोळ्याला दिसणारा प्रकाश कमी झाला म्हणजे न दिसणारे अवरक्त किरणही अडले, असं होत नाही. डोळ्यातल्या पडद्याला दुखणं कळत नाही. तो भाजला जातो तेव्हा माणसाला काही जाणवत नाही. काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी नजरेच्या मधोमध डाग दिसायला लागतो.

रंगीत फोटोची जुनी निगेटिव्ह, सीडी, चिप्सच्या पाकिटाचा चमकदार कागद, काजळी धरलेली काच, दोन-तीन गॉगल एकावर एक, यांतलं काहीही चालत नाही. कॅमेऱ्याचे साधे एनडी, म्हणजे प्रकाश कमी करणारे, फिल्टर एकावर एक लावून सूर्य रोखणारेही पाहिले आहेत. ते फिल्टर धबधब्याच्या आणि पाण्याच्या फोटोसाठी असतात. परातीत पाणी घेऊन त्यात हळद किंवा शेण कालवून सूर्याचं प्रतिबिंब पाहायची पद्धत आपल्याकडे फार जुनी आहे. आजीच्या सोबत मीही तसं पाहिलं आहे. पण पाण्यावरून परत येणारा उजेडसुद्धा डोळ्याला धोक्याचाच असतो. पोरांना परातीत वाकून पाहू देऊ नका.

वेल्डिंगच्या काचेचा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, कारण फॅब्रिकेशनचं दुकान गावागावात आहे. डोळ्याने सूर्य पाहायला १४ नंबरची काच लागते. गावातल्या वेल्डरकडे बहुतेक वेळा १० किंवा ११ नंबरची काच असते. १४ नंबरची मिळाली तरी फोटोसाठी मी ती घेणार नाही. सूर्य हिरवा येतो, आणि ती काच लेन्ससारखी घासून सपाट केलेली नसल्याने कडा पुसट येतात.

फिल्म कोणती आणायची

सूर्यासाठी खास बनवलेली फिल्म ए-फोर कागदाएवढ्या तुकड्यात मिळते. बाडर कंपनीची अॅस्ट्रोसोलर ही त्यांत बरीच वापरली जाते. ती चंदेरी असते, दोन्ही बाजूंनी धातूचा लेप असतो आणि तिच्यातून सूर्य जवळपास पांढरा दिसतो. काळ्या पॉलिमरच्या फिल्मही मिळतात, त्यांतून सूर्य केशरी दिसतो. रंग हा आवडीचा प्रश्न आहे, पण सूर्यावरचे डाग मला पांढऱ्या फिल्ममधून जास्त स्पष्ट दिसले.

महत्त्वाचा आहे तो घनतेचा आकडा. ५.० लिहिलेली फिल्म एक लाख भागांतला एकच भाग प्रकाश आत सोडते. ३.८ लिहिलेली फिल्म जास्त प्रकाश सोडते, सहा हजार भागांतला एक इतका. ही ३.८ ची फिल्म फक्त फोटोसाठी असते. तिच्यातून डोळ्याने कधीही पाहायचं नाही. मला विचाराल तर गावात ५.० च आणा. एक कारण डोळ्यांचं: ग्रहणाच्या दिवशी कॅमेऱ्याभोवती गर्दी जमणारच, आणि "मी एकदा डोकावू का?" म्हणणारं कुणीतरी असणारच. दुसरं कारण कॅमेऱ्याचं आहे. ३.८ लावल्यावर एफ ८ (लेन्सचं छिद्र किती उघडं) आणि आयएसओ १०० (सेन्सर किती संवेदनशील) ला शटर १/६४०० सेकंदाच्या आसपास न्यावं लागतं. आपल्याकडच्या बहुतेक साध्या डीएसएलआरचं (लेन्स बदलता येणाऱ्या कॅमेऱ्याचं) शटर १/४००० वर थांबतं. ५.० ची फिल्म लावली तर तेच काम १/४०० ते १/५०० वर आरामात होतं.

ग्रहणाच्या चष्म्यावर आयएसओ १२३१२-२ असं छापलेलं असतं (कॅमेऱ्यातल्या आयएसओशी याचा संबंध नाही). तो दर्जा डोळ्याने थेट पाहायच्या चष्म्यांसाठी आहे, आणि नुसतं छापलं म्हणून माल खरा, असंही नसतं. माहितीतल्या, खगोलाचं सामान विकणाऱ्या दुकानातूनच मागवा. ग्रहणाच्या आठवड्यात हे सामान मिळत नाही, मिळालं तर भलत्याच भावाने मिळतं. दोन महिने आधी मागवून ठेवा. एका पानात तीन-चार फिल्टर होतात. गावातले दोघं-तिघं मिळून घेतलं तर खर्चही वाटला जातो.

सामान

जाड पुठ्ठा: बियाण्याच्या किंवा औषधांच्या खोक्याचा नालीदार पुठ्ठा नको, तो दाबला की बसतो. जाड वहीच्या किंवा फाइलच्या पाठीचा कडक पुठ्ठा घ्या. काळी कार्डशीट, फेव्हिकॉल, दोन बाजूंनी चिकटणारी डबल टेप, काळी इन्सुलेशन टेप, कात्री, कटर, कंपास, पट्टी, आणि एक जुना सुती पायमोजा.

तुमच्याकडे काच फुटलेला जुना यूव्ही फिल्टर (लेन्सच्या तोंडावर आट्यांनी बसणारी काचेची रिंग) असेल, तर फ्रेमची निम्मी मेहनत वाचते. फोटोवाल्यांकडे असे दोन-चार पडलेले असतातच. त्याच्या आतल्या बाजूला बारीक खाचा असलेली एक पातळ रिंग असते. टोकदार कंपासने किंवा चिमट्याने ती फिरवली की सुटते आणि काच निघते. फुटकी काच काढताना हातात जाड कापड धरा. काचेच्या जागी फिल्मची चकती ठेवून रिंग परत आवळायची. असा फिल्टर लेन्सवर आट्यांनी बसतो आणि वाऱ्याने उडत नाही. लेन्सच्या मापाचा फिल्टर मिळाला तर मी पुठ्ठ्याच्या भानगडीत पडतच नाही. पुढची कृती ज्यांच्याकडे तो नाही त्यांच्यासाठी.

माप

कागदाची पट्टी लेन्सच्या पुढच्या भागाभोवती गुंडाळा, जिथे टोक पट्टीला भेटतं तिथे पेनाने खूण करा. ५८ मिमी फिल्टरच्या आट्या असलेल्या ५५-२५० किंवा ७०-३०० लेन्सची बाहेरची जाडी ७० मिमीच्या आसपास असते, म्हणजे घेर सुमारे २२० मिमी. पण हा आकडा माझ्यावर विश्वास ठेवून घेऊ नका, तुमच्याच लेन्सवर मोजा. एका मिलिमीटरने फिल्टर ढिला होतो.

मोजण्याआधी एक गोष्ट तपासा. फोकसची कडी फिरवा आणि लेन्सचं तोंड फिरतं का, पुढे सरकतं का ते बघा. काही जुन्या किट लेन्समध्ये फोकसची कडी अगदी तोंडाशीच असते आणि तोंड तिच्यासोबत फिरतं. अशा लेन्सवर फिल्टरची नळी फक्त पुढच्या सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर भागावर बसवा आणि मागच्या स्थिर भागाला टेप लावू नका. नाहीतर फोकस करताना नळीच उखडते.

नळी

कार्डशीटची ४ सेमी रुंद लांब पट्टी कापा, लांबी निदान तीन फेरे होतील एवढी. लेन्सवर आधी पायमोज्याच्या कापडाचा एक फेरा घाला, त्यावर कार्डशीट आवळून गुंडाळा. पहिला फेरा कोरडा, पुढच्या फेऱ्यांना फेव्हिकॉल. फेव्हिकॉल लेन्सला लागू नये म्हणून लेन्सवर प्लास्टिकची पिशवी ताणून ठेवा. वरून दोरा गुंडाळून रात्रभर वाळू द्या. पावसाळ्यात दमट हवा असेल तर दोन रात्री. वाळल्यावर पायमोज्याचं कापड नळीच्या आतून चिकटवून टाका. त्या कापडामुळे नळी लेन्सवर घट्ट बसते, घासत नाही आणि ओरखडे पडत नाहीत. चढवताना थोडा जोर लागला पाहिजे. सरकन बसत असेल तर आत कापडाची आणखी एक पट्टी लावा.

आता नळीच्या एका टोकाला सगळीकडून १ सेमी खोलीच्या कातऱ्या मारा आणि त्या पाकळ्या बाहेर वळवा. या पाकळ्यांवर फ्रेम बसणार आहे.

फ्रेम आणि फिल्म

कडक पुठ्ठ्याचे ११ सेमीचे दोन चौकोन कापा. दोन्हींच्या मध्ये कंपासने ६ सेमीचं वर्तुळ काढून कटरने कापून घ्या. हे भोक लेन्सच्या पुढच्या काचेपेक्षा थोडं मोठं आणि नळीच्या आतल्या व्यासापेक्षा लहान असलं पाहिजे. चौकोनाचे चारही कोपरे कापा, म्हणजे वारा कमी धरला जातो. भोकाच्या कडेचे कागदाचे तंतू बोटाने साफ करा, नाहीतर ते फिल्मवर जाऊन बसतात.

फिल्मचं काम सगळ्यात नाजूक आहे. सकाळी, झाडलोट होऊन धूळ बसल्यावर करा. पंखा आणि कूलर बंद. हात साबणाने धुऊन कोरडे करा, बोटाचा घाम फिल्मवर कायमचा उमटतो. फिल्म टिश्यू कागदामध्ये ठेवलेली येते. ती कागदासकट कापायची, नुसती कापू नका. ८ सेमीचा चौकोन पुरतो.

एका पुठ्ठ्यावर भोकाच्या चारही बाजूंनी, कडेपासून ५ मिमी सोडून, डबल टेप लावा. फिल्म टिश्यूवर सपाट पसरलेली असू द्या आणि पुठ्ठा वरून तिच्यावर अलगद टेकवा. फिल्म उचलून पुठ्ठ्यावर लावायला गेलात की ती वळते, दुमडते आणि टेपला भलतीकडेच चिकटते. मी पहिल्या वेळी अशाने दोन तुकडे वाया घालवले.

टेकवल्यावर फिल्म थोडी सुरकुतलेली दिसेल. राहू द्या. डफाच्या कातड्यासारखी ताणायचा मोह होतो, पण ताणलेल्या फिल्ममधून सूर्याची कड वेडीवाकडी येते आणि लेपालाही तडे जाऊ शकतात. सैल, हलकी लहरदार फिल्म फोटोत काहीही बिघडवत नाही. मग दुसरा पुठ्ठा वरून लावा, चारही कडा काळ्या इन्सुलेशन टेपने बंद करा. शेवटी नळीच्या पाकळ्यांना फेव्हिकॉल लावून ही फ्रेम तिच्यावर बसवा. भोक नळीच्या बरोबर मध्यावर आलं पाहिजे. सांध्याभोवती काळी टेप दोन फेरे फिरवा.

तपासणी

२०१९ च्या डिसेंबरात मी पहिला फिल्टर केला होता. तेव्हा नळी वगैरे काही नव्हतं, पुठ्ठ्याची फ्रेम लेन्सवर रबराने अडकवली होती. ग्रहणाच्या आदल्या दिवशी धुऱ्यावर सराव करत होतो, वाऱ्याची एक झुळूक आली आणि फ्रेम उडून तुरीत पडली. मी त्या वेळी मागच्या पडद्यावर बघत होतो. व्ह्यूफाइंडरला, म्हणजे डोळा लावून पाहायच्या खिडकीला, डोळा असता तर काय झालं असतं, याचा विचार आजही अंगावर काटा आणतो. त्या दिवसापासून खालच्या चारही चाचण्या झाल्याशिवाय मी फिल्टर सूर्यासमोर नेत नाही.

पहिली अंधाऱ्या खोलीत. मोबाइलचा टॉर्च फिल्मच्या मागे धरून फिल्म सगळीकडून न्याहाळा. टॉर्चचा फार तर अगदी मंद ठिपका दिसेल. त्याशिवाय कुठे ताऱ्यासारखा चमकणारा बिंदू दिसला, तर ते छिद्र आहे. एखादंच सुईच्या टोकाहून बारीक असेल तर काळ्या मार्करने बुजवता येतं. दोन-चार असतील किंवा ओरखडा असेल तर तो तुकडा फेकून द्या. सांध्यातून उजेड येतो का, तेही याच वेळी बघा.

दुसरी: फिल्टर लेन्सवर चढवून लेन्सचं तोंड जमिनीकडे करा आणि हलकं झटका. खाली गादी असू द्या. तिसरी: टेबल फॅन पूर्ण वेगात लावून फिल्टर चढवलेला कॅमेरा पाच मिनिटं त्याच्यासमोर फिरवा. जरा जरी सरकला तर नळी ढिली आहे. चौथी चाचणी उन्हात, ग्रहणाच्या किमान दोन दिवस आधी, आणि तिच्यात डोळ्याने काहीच पाहायचं नाही. कॅमेऱ्याच्या पडद्यावर सूर्याची स्वच्छ, गोल, न झगमगणारी चकती दिसली पाहिजे.

उन्हात नेताना क्रम ठरलेला ठेवा. कॅमेरा सूर्यापासून दुसरीकडे वळवलेला, लेन्सला झाकण. झाकण काढून फिल्टर चढवा, नळीवरून लेन्सच्या स्थिर भागापर्यंत टेपचे दोन तुकडे लावा (तोंड फिरणारी लेन्स असेल तर हे तुकडे नकोत), मग सूर्याकडे वळवा. काढताना बरोबर उलट: आधी कॅमेरा सूर्यापासून फिरवा, मग फिल्टर काढा. फिल्टर नेहमी लेन्सच्या पुढेच हवा. लेन्सच्या मागे किंवा दुर्बिणीच्या डोळ्याच्या बाजूला लावलेल्या फिल्टरवर सगळी उष्णता एकवटते आणि तो क्षणात वितळतो किंवा तडकतो. ग्रहणाचा चष्मा घालून दुर्बिणीतून किंवा फिल्टर नसलेल्या लेन्समधून पाहणं त्याच कारणाने धोक्याचं आहे.

व्ह्यूफाइंडरवर काळी टेप लावून टाका. मी ५.० ची फिल्म असतानाही लावतो. कॅमेरा सोडून पाणी प्यायला गेलो तर कुणी पोरगं डोळा लावेल, ही धास्ती उरत नाही.

फोटो घेताना

सेन्सरवर सूर्य केवढा येईल याचा सोपा हिशोब आहे: लेन्सचं फोकल अंतर भागिले १०९. २५० मिमीच्या लेन्सवर सूर्य २.३ मिमीचा येतो, म्हणजे २४ मेगापिक्सेलच्या साध्या डीएसएलआरवर सुमारे ६०० पिक्सेल. फ्रेममध्ये लहान दिसतो, पण कापून मोठा केल्यावर कोर सुंदर दिसते. १८-५५ च्या लेन्सवर तो अर्ध्या मिलिमीटरचाच येतो. मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्याचं खरं फोकल अंतर पाच-सहा मिलिमीटर असतं, त्यामुळे तिथे सूर्य म्हणजे ठिपका. तरी मोबाइलवर घ्यायचा असेल तर उरलेल्या फिल्मचा तुकडा लहान पुठ्ठ्यात बसवून सगळे कॅमेरे झाकतील असा टेपने लावा, झूमचा कॅमेरा निवडा, सूर्यावर बोट दाबून धरून एक्स्पोजर लॉक करा आणि उजेडाची पट्टी खाली ओढा.

डीएसएलआरवर मोड मॅन्युअल, आयएसओ १००, एफ ८, शटर १/५०० पासून सुरुवात. ग्रहण सुरू होण्याआधी पूर्ण सूर्यावर १/१२५ पासून १/२००० पर्यंत फोटो घेऊन बघा आणि ज्यात चकती पांढरी फटफटीत न होता कडेला किंचित गडद होत जाते, तो वेग धरून ठेवा. सूर्याचा किती भाग झाकला गेला यावर हा वेग फारसा बदलत नाही, कारण उरलेल्या भागाची चकाकी तेवढीच असते. कोर अगदी बारीक झाली की एक-दोन पायऱ्या हळू करा. सूर्य क्षितिजाजवळ असेल तेव्हा मात्र बरंच हळू करावं लागतं. २५ ऑक्टोबर २०२२ ला, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, पावणेपाचच्या सुमारास ग्रहण लागलं आणि सूर्य ग्रस्तच मावळला. १/५०० वर सुरू केलेलं काम शेवटी मी १/६० वर आणलं. सूर्य तांबडा, मवाळ दिसत होता आणि बाजूचे लोक म्हणत होते, आता फिल्टर काढ. मी काढला नाही.

फोकस हाताने करा. लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या पडद्यावर चित्र पाहत, दहा पट मोठं करून सूर्याच्या कडेवर किंवा एखाद्या डागावर नेमका फोकस साधा आणि कडीला टेप लावा. ऑटोफोकस बंद, ट्रायपॉडवर असाल तर स्टॅबिलायझेशनही (हादरा सावरणारी सोय) बंद. उन्हात लेन्स तापली की फोकस हळूच सरकतो, म्हणून दर अर्ध्या तासाने पुन्हा तपासा. कॅमेऱ्यावर ओला दुपट्टा नको, छत्री धरा. ट्रायपॉडच्या मधल्या दांड्याला विटा भरलेली थैली अडकवली की तो हलत नाही. शटर बोटाने दाबू नका, दोन सेकंदांचा टायमर लावा.

पृथ्वीच्या फिरण्यामुळे सूर्य दर दोन मिनिटांना स्वतःच्या रुंदीएवढा सरकतो. २५० मिमीवर मध्यभागी धरलेला सूर्य दहा मिनिटांत फ्रेमच्या कडेला लागतो. मी दर पाच मिनिटांनी कॅमेरा परत जुळवतो आणि तीन फोटो घेतो, सगळे त्याच एक्स्पोजरवर. नंतर ते एका ओळीत लावले की ग्रहण लागण्यापासून सुटण्यापर्यंतची माळ तयार होते. फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या मूळ फाइलमध्ये, घ्या.

२०२२ ला आमच्या शेजारच्या आजी ओट्यावरून ओरडल्या होत्या, "गिरानात बाहेर काहून उभा राह्यला रे पोरा?" मी त्यांना अंगणातल्या कडुनिंबाची भिंतीवर पडलेली सावली दाखवली. पानांच्या फटीफटींतून सूर्याच्या शेकडो लहान प्रतिमा भिंतीवर उमटल्या होत्या आणि प्रत्येकीला चावा घेतल्यासारखी खाच होती. त्या खाली उतरल्या आणि खूप वेळ भिंतीपाशी उभ्या राहिल्या. ज्यांच्याकडे कॅमेरा नाही त्यांच्यासाठी हीच सगळ्यात चांगली पद्धत आहे. झाड नसेल तर पिठाची चाळणी उन्हात धरून तिची सावली पांढऱ्या कागदावर पाडा. पाहायचं कागदाकडे, सूर्याकडे पाठ करून. या सावलीचेही फोटो घ्या, त्याला फिल्टर लागत नाही.

पुढची ग्रहणं

२ ऑगस्ट २०२७ ला, आषाढ अमावस्येला, म्हणजे जिवतीच्या दिवशी, उत्तर आफ्रिका आणि अरबस्तानात खग्रास ग्रहण आहे. आपल्याकडे ते दुपार उलटल्यावर खंडग्रास असेल. दिवस पावसाळ्याचे, त्यामुळे ढगांची तयारी ठेवूनच उभं राहायचं. ढगांमधून सूर्य मंद दिसला तरी फिल्टर काढायचा नाही. ढग केव्हा फाटेल हे सांगता येत नाही.

२१ मे २०३१ चं ग्रहण केरळ-तमिळनाडूत कंकणाकृती आणि आपल्याकडे खंडग्रास आहे. मे महिना असल्याने आकाश मोकळं मिळायची आशा जास्त. पण ते भर दुपारी, सूर्य जवळपास डोक्यावर असताना. आपल्या भागात शून्य सावलीचा दिवसही मेच्या शेवटच्या आठवड्यातच येतो. साध्या ट्रायपॉडचं डोकं एवढं वर वळत नाही, ते आधीच तपासा, नाहीतर कॅमेरा बाजेवर विटांच्या आधाराने ठेवा. २० मार्च २०३४ ला खग्रासाची पट्टी लडाखच्या बाजूने जाते, आपल्याकडे तेव्हाही खंडग्रासच.

तोवर फिल्टर नीट ठेवायचा. पोळ्यांच्या डब्यासारखा घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा घ्या, तळाशी सुती कापड, फिल्टर, वर टिश्यू. फिल्म पुसू नका. धूळ असेल तर ब्लोअरने उडवा. डब्यावर फिल्मची घनता आणि फिल्टर केल्याची तारीख लिहून चिकटवा, आणि प्रत्येक ग्रहणाआधी अंधाऱ्या खोलीतली टॉर्चची तपासणी पुन्हा करा. माझ्या २०२२ च्या फिल्टरला गेल्या उन्हाळ्यात डब्यातल्या डब्यात एक छिद्र पडलेलं निघालं. फ्रेम आणि नळी चांगली होती. फिल्म काढली, उरलेल्या पानातून नवा तुकडा कापून लावला.